खोलीला कागद द्या : इंदूरच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर,
इंदूर महानगरपालिका



हे पत्र एका कागदाबद्दल आहे. तो कागद म्हणजे भाडेकरार. भंवरकुआंच्या आजूबाजूच्या कॉलन्यांमध्ये हजारो मुलं-मुली भाड्याच्या खोल्यांमधून राहतात. महिन्याच्या महिन्याला भाडं भरतात, वर्षानुवर्षं भरतात. आणि आपण या घरात, या गल्लीत राहतो हे सांगणारा एक साधा कागदही त्यांच्यापैकी पुष्कळांकडे नसतो. तो का नसतो, त्यावाचून काय काय अडतं आणि महापालिकेला त्यात काय करता येईल, एवढंच इथं मांडायचं आहे.

भंवरकुआं म्हटलं की इंदूरबाहेरच्या माणसाला कोचिंगचे फलक आठवतात. इंदूरकरांना चौकातली गर्दी, उड्डाणपूल आणि बीआरटीएसचा बसमार्ग आठवतो. पण हा भाग कोचिंगच्याही आधीपासून विद्यार्थ्यांचाच आहे. होळकर महाविद्यालय 1891 सालचं, शिवाजीराव होळकरांच्या काळातलं. विद्यापीठ 1964 चं, आणि 1988 पासून त्याला देवी अहिल्याबाईंचं नाव आहे. प्राध्यापक, बँकेतले कर्मचारी, सरकारी नोकरदार यांनी या दोन संस्थांच्या आसऱ्यानं इथं प्लॉट घेतले आणि बैठी घरं बांधली. विष्णुपुरी, इंद्रपुरी, सर्वानंद नगर, भोलाराम उस्ताद मार्गाच्या आतल्या गल्ल्या अशाच वसत गेल्या. या घरांमध्ये मराठी घरंही आहेत. फाटकावर देवनागरीत कुलकर्णी, देशपांडे, शिंदे अशी नावं, अंगणात तुळस, आणि दुपारी दोन ते चार या वेळात कडी वाजवलेली न आवडणारी माणसं.

मुख्य रस्त्यावरून पन्नास-साठ पावलं आत गेलं की आवाज एकदम कमी होतो. कडुनिंबाची सावली, बंद खिडक्या, एखाद्या गच्चीवर वाळत घातलेले पापड. एवढ्या शांत रस्त्यावर इतकी माणसं राहतात हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. ती दिसतात ती संध्याकाळी सहानंतर. एकेका फाटकातून आठ-आठ, दहा-दहा मुलं चहाला बाहेर पडतात. बैठ्या घरावर पहिला मजला चढला, मग दुसरा, मग गच्चीवर पत्र्याची एक खोली. मागची न्हाणीघराची जागाही खोली झाली. बाहेरून पाहिलं तर घर अजून एकाच कुटुंबाचं आहे, आणि महापालिकेच्या दप्तरातही बऱ्याचदा तसंच आहे.

अशी एक खोली जरा जवळून पाहू. दहा बाय दहाची. एक लोखंडी पलंग आणि दुसऱ्याची जमिनीवर गादी. भिंतीला मध्य प्रदेशाचा नकाशा, नर्मदेवर निळ्या पेननं दोनदा रेघ ओढलेली. उपनद्यांची नावं खिळ्याला टांगलेल्या एका वेगळ्या कागदावर. कोपऱ्यात पाच किलोचा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी. पाच किलोचा हा ‘छोटू’ नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. म्हणूनच तो या खोल्यांमध्ये सगळीकडे दिसतो. दाराबाहेर सबमीटर. त्याचं वाचन दर महिन्याच्या एक तारखेला मालक वहीत लिहून घेतात. भाडं यूपीआयनं किंवा रोख. पावती नाही. डिपॉझिट एक महिन्याचं, काही ठिकाणी दोन महिन्यांचं, त्याचीही पावती नाही. करार विचारला तर उत्तर मिळतं, “त्याची काय गरज? तू घरच्यासारखाच आहेस.”

हे उत्तर पुष्कळदा मनापासून दिलेलं असतं. मुलाला ताप आला तर याच मालकीणबाई खिचडी घेऊन वर जातात. अडचण त्यांच्या स्वभावाची नाही. कागद दिला तर आपलं नुकसान होतं, अशी व्यवस्थाच त्यांच्यासमोर ठेवलेली आहे.

महापौर महोदय, ही व्यवस्था आपल्या मालमत्ता करापासून सुरू होते. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी जागेला मध्य प्रदेशात मालमत्ता करात पन्नास टक्के सूट आहे. सूट योग्यच आहे. निवृत्त माणसाच्या डोक्यावरचं छप्पर आणि भाड्यानं दिलेली इमारत यांना एकच कर लावणं अन्यायाचं झालं असतं. पण कर भरताना मालकानं स्वतःच लिहून द्यायचं असतं की घराचा किती भाग स्वतःकडे आहे आणि किती भाड्यानं दिला आहे. वरच्या चार खोल्या भाड्यानं आहेत असं लिहिलं की तेवढ्या भागाची सूट जाते. मग सगळं घर ‘स्वतःच्या राहण्याचं’ म्हणून दाखवलं जातं. एकदा तसं दाखवल्यावर भाडेकराराची प्रत कुणाच्या हातात देणं म्हणजे आपल्याच विरुद्ध पुरावा देणं. भाडेकरूला कागद न मिळण्याचं पहिलं कारण हे आहे, आणि ते दूर करणं आपल्या हातात आहे.

आता या कागदावाचून मुलाचं काय अडतं ते पाहू.

आलिराजपूरचा एक आदिवासी मुलगा होळकर महाविद्यालयात शिकायला आला आणि त्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, असं समजा. राज्य सरकारनं त्याच्यासाठी आवास सहायता योजना ठेवली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भाड्यानं राहावं लागत असेल तर इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर, उज्जैन या शहरांत महिन्याला 2000 रुपये मिळतात. वर्षाच्या हिशेबानं 24 हजार. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. पण आपण भाड्यानं राहतो हे दाखवायला घरमालकाचा कागद लागतो. तो मागितला की मालक गप्प होतात, किंवा म्हणतात दुसरी खोली बघ. ज्याच्यासाठी योजना आहे तोच त्या योजनेच्या बाहेर राहतो. सरकारनं एका हातानं दिलेलं कराच्या एका रकान्यापाशी येऊन अडतं.

विजेचंही असंच. दीडशे युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला राज्यात पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. अटल गृह ज्योती योजना ती हीच. एका खोलीचा वापर पंखा, दिवा, फोनचा चार्जर आणि उन्हाळ्यात कूलर एवढाच. तिला स्वतःची जोडणी असती तर वर्षातले बरेच महिने ती या सवलतीत बसली असती. पण मीटर घरमालकाच्या नावाचं आणि सगळ्या खोल्यांचं मिळून एकच. त्याचं वाचन दीडशेच्या कितीतरी पुढं जातं. मग सबमीटरवर अनेक ठिकाणी युनिटला आठ-दहा रुपये लावले जातात. शहरात सगळ्यात कमी वीज वापरणारा माणूस सगळ्यात महाग वीज घेतो. 2003 चा वीज कायदा म्हणतो की जोडणी मालकाला मागता येते तशी जागेत राहणाऱ्यालाही मागता येते. पण राहतो हे सिद्ध करायचं कशानं? पुन्हा तोच कागद.

बँकेतला पत्ता बदलणं, गॅसची पूर्ण जोडणी, ग्रंथालयाचं सदस्यत्व, मतदार यादीत नाव, हे सगळं त्याच्यामागून येतं. मतदान गावाकडे असल्यानं या मुलांचं गाऱ्हाणं नगरसेवकाच्या दारापर्यंत सहसा जात नाही. आपल्या 85 प्रभागांत बहुधा असा दुसरा भाग नसेल, जिथं राहणारे इतके आणि मत देणारे त्यांतले इतके थोडे.

यात एक गोष्ट खास लक्षात घेण्यासारखी आहे. पोलिसांच्या दप्तरात हे भाडेकरू आहेत. डिसेंबर 2021 मध्ये इंदूरला पोलीस आयुक्तालय आलं. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी असे आदेश वेळोवेळी निघतात, आणि ते न पाळल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणून मालक मुलाचं आधार कार्ड, फोटो, गावचा पत्ता घेऊन अर्ज भरतात. म्हणजे हा मुलगा कुठं राहतो हे भंवरकुआं ठाण्याला माहीत आहे. फक्त त्याच्या हक्काच्या कामासाठी ते कुणाला माहीत नाही. संशयित म्हणून त्याची नोंद होते, रहिवासी म्हणून होत नाही. हे त्याला कळतं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला असल्या गोष्टी फार लवकर कळतात.

त्यात आडनावाचा प्रश्न. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न “कुठून आलास?” आणि दुसरा “पूर्ण नाव काय?” दुसऱ्या उत्तरानंतर खोली ‘आत्ताच गेली’ असं ऐकायला मिळणं या गल्ल्यांमध्ये नवं नाही. हे फक्त इंदूरचं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून 2015 मध्ये तो प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम इच्छुकांना नकार आणि जाचक अटी कशा मिळतात, हे त्यात सविस्तर आलं आहे. पण भंवरकुआंला हे जास्त टोचायला हवं. या चौकाला 2021 मध्ये भिल्ल क्रांतिकारक टंट्या मामांचं नाव दिलं गेलं आणि पुढे त्यांचा पुतळा इथं उभा राहिला. त्या पुतळ्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर भिल्ल मुलाला आडनावावरून खोली नाकारली जाणार असेल, तर ती गोष्ट शहरानं आपल्या अंगावर घ्यायची आहे.

मुलं इथं किती काळ राहतात, हेही पाहा. राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदूरलाच, म्हणून तयारीसाठी भंवरकुआं. 2019 च्या राज्य सेवा परीक्षेचा अंतिम निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात 87 आणि 13 टक्के अशी निकालाची विभागणी झाली, आणि त्या 13 टक्क्यांमधल्या मुलांचं वाट पाहणं त्यानंतरही संपलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये मुलं आयोगाच्या दाराशी कडाक्याच्या थंडीत दिवसरात्र बसून राहिली, ती याच खोल्यांमधून गेली होती. ‘चार-सहा महिन्यांसाठी आलेला पाहुणा’ हा समज इथं लागू होत नाही. चार-पाच वर्षं एका गल्लीत राहणारा, तिथल्या किराणा दुकानात उधारीचं खातं असलेला माणूस त्या गल्लीचा रहिवासीच असतो.

घरमालकांची बाजू या पत्रात पूर्ण मांडली नाही तर ते अर्धवट होईल. या भागातले मालक म्हणजे बिल्डर नव्हेत. भविष्य निर्वाह निधीतून वरचा मजला चढवलेला निवृत्त शिक्षक, नवऱ्यामागे दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी बाई, मुलं पुण्याला-बंगळुरूला गेल्यावर मोठ्या घरात एकटं राहणारं जोडपं, असे हे लोक. त्यांना अनुभव आलेले असतात. दोन महिन्यांचं वीजबिल थकवून रातोरात गेलेला मुलगा. मध्यरात्री बाराला रस्त्यावर वाढदिवसाचे फटाके. फाटकासमोर आडव्या लावलेल्या सहा मोटारसायकली. घराला नर्मदेची जोडणी एकच, पाणी अनेक भागांत एकाआड एक दिवस, आणि वापरणारे बारा. 1970 साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरमध्ये केवढं आंदोलन झालं, हे या पिढीतल्या अनेकांनी पाहिलं आहे. 1978 मध्ये जलूदहून पाणी शहरात आलं तो दिवसही त्यांना आठवतो. म्हणून त्यांना नळ उघडा ठेवणारा भाडेकरू सहन होत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

त्यांची खरी भीती मात्र कायद्याची आहे. मध्य प्रदेशाचा स्थान नियंत्रण अधिनियम 1961 चा. भाडेकरूला ज्या काळात सहज रस्त्यावर काढलं जात होतं, त्या काळात तो झाला आणि तेव्हा त्याची गरज होती. वीज-पाणी विनाकारण तोडायला त्यानं मालकाला मनाई केली, ती आजही हवीच. पण घर रिकामं करून घ्यायचं प्रकरण न्यायालयात गेलं तर किती वर्षं जातील याचा भरवसा नाही, हा धडा मालकांच्या दोन पिढ्यांनी घेतला. 2011 च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी निघाली, त्यामागे हीही भीती होती. अकरा महिन्यांचा करार निघाला तोही असाच. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची, म्हणून अकरा महिने. आणि भंवरकुआंत तर अकरा महिन्यांचाही नाही.

महाराष्ट्रानं या बाबतीत एक गोष्ट नीट केली आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जाईल. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. या एका तरतुदीनं मालकाचा स्वार्थ कागदाच्या बाजूला आला. कागद केला नाही तर नुकसान त्याचंच. ‘लीव्ह अँड लायसन्स’ची नोंदणी आता घरबसल्या अंगठा लावून होते, आणि मुंबई-पुण्यात मालक स्वतःच भाडेकरूच्या मागे लागतो की करार करून टाकू.

पुण्याचा उल्लेख आलाच आहे तर थोडं तिथंही थांबायला हवं. भंवरकुआंची सख्खी बहीण म्हणजे सदाशिव पेठ. तिथं एमपीएससी, इथं एमपीपीएससी. तिथं कॉट बेसिस आणि अभ्यासिका, इथं शेअरिंग रूम आणि लायब्ररी. पुण्यातल्या कॉटवरच्या मुलाकडेही अनेकदा कागद नसतो, हे खरं. पण गावाकडून शिकायला आलेल्या मुलाची जबाबदारी शहराची आहे ही समज पुण्यात जुनी आहे. वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या काळापासून ती चालत आली. 1909 मध्ये पुणे विद्यार्थी गृह निघालं. 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, आणि तिच्या वसतिगृहांतून ग्रामीण मुलांच्या कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या. ही कामं नागरिकांनी केली. इंदूरच्या मराठी समाजाकडे सभागृहं आहेत, न्यास आहेत, नाटकांना भरणारे प्रेक्षक आहेत, गणेशोत्सवाच्या वर्गण्या आहेत. भंवरकुआंच्या मुलांसाठी एक वसतिगृह त्यांनी मनावर घेतलं तर ते अशक्य नाही. हे सांगणं महापौरांना नाही, पत्र वाचणाऱ्या मराठी घरांना आहे.

या पत्राचा सगळ्यात गंभीर भाग आता. 7 मे 2022 च्या पहाटे विजय नगर भागातल्या स्वर्णबाग कॉलनीत एका निवासी इमारतीला आग लागली आणि सात माणसं गेली. इमारतीत भाडेकरू राहत होते. सुरुवातीला शॉर्ट सर्किट वाटलं. नंतर तपासात दिसलं की एका तरुणानं वैरापोटी खाली उभी असलेली गाडी पेटवली होती. गुन्हा त्या माणसाचा. पण एका गाडीची आग सात जिवांवर बेतते ती इमारतीच्या रचनेमुळं. खाली पार्किंग, तिथंच मीटर, तिथूनच जिना, आणि बाहेर पडायचा रस्ता तोच.

भंवरकुआंच्या गल्लीत उभं राहून कुठल्याही तीन मजली घराकडे पाहिलं की हीच रचना दिसते. जिन्याखाली दहा दुचाकी. जिन्याच्या तोंडाशी वीज मीटरांचा फलक आणि त्यातून वर गेलेल्या वायरी. मुलींच्या खोल्या असल्या तर रात्री दहाला फाटकाला कुलूप, किल्ली खाली मालकांच्या उशाशी. चोर येतील, मुलं पत्ते खेळतील म्हणून गच्चीच्या दारालाही कुलूप. खिडक्यांना लोखंडी जाळ्या. आणि प्रत्येक खोलीत पाच किलोचा सिलिंडर. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात तळघरातल्या ग्रंथालयात पाणी भरून तीन विद्यार्थी गेले. त्यानंतर इंदूरमध्येही कोचिंगच्या तळघरांची तपासणी झाली, ते चांगलंच झालं. पण मूल कोचिंगमध्ये चार तास असतं आणि खोलीत वीस. त्या वीस तासांची तपासणी अजून कुणी केलेली नाही.

ती करायला महापालिकेला नव्या कायद्याची गरज नाही. झोन कार्यालयातला एक कर्मचारी एका दुपारी एक गल्ली पाहू शकतो. जिन्याखालून गाड्या बाहेर निघाल्या का, मीटरचा फलक जिन्यापासून दूर नेता येईल का, गच्चीच्या दाराची किल्ली दाराशेजारीच काचेच्या पेटीत टांगली आहे का, फाटकाची एक किल्ली वरच्या मजल्यावर आहे का. यांपैकी बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. दंडाची पावती हातात घेऊन गेलात तर दारं उघडणार नाहीत. सल्ला द्यायला गेलात तर याच मालकीणबाई चहा देतील आणि किल्लीही टांगतील.

हे इंदूरला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. 2017 पासून वर्षानुवर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलेल्या या महापालिकेनं घराघराला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असा सहा प्रकारे वेगळा करायला शिकवलं. त्या वेळीही लोक म्हणत होते की हे होणार नाही. कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक फाटकाशी उभी राहते. कुठल्या घरातून एका कुटुंबाचा कचरा येतो आणि कुठल्या घरातून बारा माणसांचा, हे त्या गाडीवरच्या माणसाला तोंडपाठ आहे. म्हणजे माहिती महापालिकेकडे आहेच. ती मालकाला पकडायला वापरली तर कागद आणखी खोल दडेल, म्हणून ती तशी वापरू नये अशी विनंती आहे.

करायचं ते असं. ज्या मालकानं आतापर्यंत भाड्याच्या खोल्या दाखवलेल्या नाहीत, त्याला एका ठरावीक मुदतीत त्या दाखवू द्याव्यात आणि मागच्या वर्षांची वसुली व दंड लावू नये. स्वतः त्या घरात राहून विद्यार्थ्यांना काही खोल्या देणाऱ्या आणि त्यांचा लेखी करार करणाऱ्या मालकाची सूट पूर्ण काढून न घेता काही प्रमाणात राहू द्यावी. त्यासाठी राज्याच्या नियमात बदल लागेल तर महापालिकेच्या परिषदेनं तसा ठराव करून भोपाळला पाठवावा. महापालिकेचं उत्पन्न यानं बुडणार नाही. आज ज्या खोल्यांना पूर्ण पन्नास टक्के सूट मिळते, त्यांच्यावर उद्या निदान थोडा जास्त कर येईल. शिवाय मालकाच्या हाती कागद आल्यावर थकबाकीदार भाडेकरूविरुद्ध त्यालाही पहिल्यांदाच काही पुरावा मिळेल.

झोन कार्यालयात भाडेकराराचा एक सोपा, एका पानाचा नमुना हिंदीत ठेवावा. भाडं किती, डिपॉझिट किती आणि कधी परत, विजेचा युनिटचा दर, पाण्याची वेळ, फाटकाची वेळ, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, एवढं त्यात असलं तरी निम्मी भांडणं होणार नाहीत. केंद्र सरकारनं जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नको, खोलीत शिरण्याआधी मालकानं चोवीस तास आधी कळवावं आणि वाद उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं सुटावेत, अशी तरतूद आहे. दुसरीकडे मुदत संपूनही न जाणाऱ्या भाडेकरूला आधी दुप्पट आणि मग चौपट भाडं लावून मालकालाही आधार दिला आहे. उत्तर प्रदेश आणि आसामनं त्याच वर्षी त्या धर्तीवर आपले कायदे केले. राज्याचा कायदा महापौरांच्या हातात नाही, हे मान्य आहे. नमुना करार मात्र आहे, आणि त्यात ही कलमं आजही लिहिता येतात, कारण दोघांनी राजीखुशीनं मान्य केलेली अट लिहायला कुणाची बंदी नाही.

31 मे 2025 ला अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं पूर्ण झाली. शहरानं ते वर्ष मोठ्या थाटानं साजरं केलं, मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा राजवाड्यात झाली. देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधताना त्या बाईंनी परक्या वाटसरूच्या रात्रीच्या निवाऱ्याचा विचार केला. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या दारात राहणाऱ्या मुलांचा निवारा निर्धोक आणि कागदावर असावा, ही मागणी त्यांच्या शहरात तरी जास्त वाटू नये.

जुलैमध्ये नवं सत्र सुरू होतं आणि जूनच्या मध्यापासून फाटकांवर “कमरा किराए से देना है”च्या पाट्या लागतात. त्याआधी भंवरकुआंच्या झोन कार्यालयात एक बैठक बोलवावी, ही या पत्राची विनंती आहे. तिला घरमालकांना बोलवावं, भाडेकरू मुला-मुलींना बोलवावं, ठाण्याचा एक अधिकारी, वीज कंपनीचा एक आणि अग्निशमन दलाचा एक असावा. कराच्या सवलतीची मुदत आणि कराराचा नमुना या दोन गोष्टी त्या बैठकीत जाहीर कराव्यात, आणि जिन्यांच्या तपासणीला कुठल्या गल्लीपासून सुरुवात होणार ते सांगावं. बैठकीची तारीख आपण कळवावी.

कळावे.

भंवरकुआं परिसरातील एक मराठी रहिवासी